नाखवा मॅडमचा शनिवारचा तास

नाखवा मॅडम वर्गात आल्या की आधी आपला मोबाइल टेबलावर ठेवायच्या, स्पीकर चालू करायच्या आणि कुठल्या तरी बाकाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ये, फोन लाव." कुणाला लावायचा ते त्याच सांगायच्या. कधी कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला, कधी मुंबईतल्या एखाद्या शिपिंग कंपनीच्या कचेरीत, कधी थेट यार्डातल्या क्रेनवाल्याला. पलीकडच्या माणसाला काहीच कल्पना नसायची. मुलाने आपलं नाव सांगायचं, कुठून बोलतोय ते सांगायचं आणि एकच गोष्ट विचारून घ्यायची: गाडी कुठे पोचली? पलीकडून कुणी खेकसायचं, कुणी भराभर हिंदीत बोलून फोन ठेवून द्यायचं. मुलं घामाघूम व्हायची. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "परत लाव. त्यानं फोन ठेवला म्हंजे काम संपलं असं नाय."

मी तेव्हा पनवेलच्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकवत होते. सुकापूरला नुकतंच घर घेतलं होतं. विमानतळ येणार, म्हणून आजूबाजूला इमारती उगवत होत्या, आणि विमानतळ येणार म्हणूनच आमच्याकडे मुलंही वाढत होती. मुलं पदवी घेत आणि घरी बसत. मुलाखतीला गेली तर तोंडातून शब्द फुटत नसे. अशात विद्यापीठाकडून सूचना आली की, पदवीधर रोजगारक्षम व्हावेत यासाठी उद्योगक्षेत्रातल्या व्यक्तींना अध्यापनात सहभागी करून घ्यावं. आमच्या प्राचार्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. पहिल्या वर्षी आम्ही बोलावलेले पाहुणे सूट घालून आले, पडद्यावर आपल्या कंपनीच्या इमारतींचे फोटो दाखवले, 'स्वप्नं मोठी बघा' असं सांगितलं आणि जेवून गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढे काही नाही.

मग एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं, "मॅडम, आमच्या यार्डातल्या नाखवा मॅडमना बोलवा. पण त्या भाषण नाही करत." तो उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. बंदरातून उतरलेले आणि बंदरात चढणारे कंटेनर मधल्या काळात जिथे ठेवतात, उघडतात, तपासतात, ती जागा. यमुना नाखवा तिथल्या कामकाजाच्या प्रमुख होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या गेटवर एका ट्रेलरच्या ड्रायव्हरशी बोलत उभ्या होत्या. साधी सुती साडी, तिच्यावर चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या कडेने डोकावणारी अबोलीची वेणी. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोजगारक्षम म्हंजे काय वो, बाय?"

मी काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे कामाला ठेवल्यावर डोक्याला ताप देनार नाय, असा मानूस. येते मी. पन एकदा येऊन जानार नाय. एकदा येतो तो पावना. पावन्याकडून कोन काय शिकतो? यायचं तर दर शनिवारी."

त्या उरणजवळच्या करंजा गावच्या. वडिलांची होडी होती, आई पाटी घेऊन मासळी विकायला जायची. बंदर आलं तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांतले पुरुष तिथे कामाला लागले, यमुना एका कंपनीच्या गेटवर नोंदी घ्यायला लागली. गेटवर बाई म्हणून ती एकटी. "बाईमानसाला जायला मोरी नव्हती तिकडं," त्या सांगायच्या. "दिवसभर पानी प्यायचे नाय मी. पयल्या पगारवाढीला सायेबानं विचारलं, काय पायजे? मी सांगितलं, दाराला कडी असलेली मोरी." बी.कॉम. त्यांनी नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन केलं. लग्न झालं नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. इंग्रजी आणि पुस्तकी मराठी त्यांना उत्तम येत होती, जपानी आणि कोरियन ग्राहकांशी त्या तासन्‌तास बोलू शकत. पण मुद्द्यावर आल्या की जिभेवर करंजा यायचं. वर्गात तर बहुतेक वेळ करंजाच असायचं.

पहिल्याच शनिवारी प्रसाद म्हात्रे त्यांच्या तावडीत सापडला. प्रसाद चिरनेरचा, वर्गातला सगळ्यांत बोलका मुलगा. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन त्याच्याकडेच असायचं. मॅडम म्हणाल्या, "मी गिऱ्हाईक. तू कंपनीतला मानूस. मी विचारते, माझी गाडी कुठं हाय?" प्रसाद क्षणभरही थांबला नाही. "मॅडम, गाडी पळस्प्याला पोचलीय, अर्ध्या तासात येते तुमच्याकडे." वर्ग खूश झाला. मॅडमही हसल्या.

"तुला कोन बोललं, पळस्प्याला पोचली?"

"कस्टमरला काहीतरी सांगायला लागतं ना, मॅडम."

"बरं. मग आता मी क्रेन थांबवून ठेवते. मानसं थांबवते. जेवायला सोडत नाय त्यांना, कारन गाडी येतेय. आनि गाडी तर अजून पुन्याला हाय. आता?"

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माहीत नाही, विचारून सांगतो.' मग प्रत्येकाला उभं करून ते वाक्य म्हणायला लावलं, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मुलं लाजत होती, हसत होती. काहींच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द निघतच नव्हते. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात त्या शब्दांना मारच बसलेला. एकाने इंग्रजी वाक्य चुकीचं म्हटलं तेव्हा बाकीचे हसले. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजी चुकलं तर समोरचा हसेल. बातमी चुकली तर समोरचा बुडेल. कशाला घाबरायचं ते ठरवा."

मी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकायचे. आमच्या अभ्यासक्रमातला एकही धडा त्यांनी क्रमाने शिकवला नाही, पण सत्र संपेपर्यंत मुलांना तो सगळा कळलेला असायचा. त्या मुलांना यार्डात न्यायच्या. उन्हात तापलेल्या कंटेनरच्या आत उभं करायच्या आणि विचारायच्या, "आता सांगा, द्राक्षं भरलेला थंड कंटेनर विजेविना किती वेळ ठेवाल?" मुलं न सांगता बाहेर पळायची. "तुमी पळालात. द्राक्षांना पाय नायत."

या मुलांत शबाना मुल्ला होती. शांत, थोडी बुजरी. फोन लावायला तिला पहिल्यांदा उठवलं तेव्हा तिचा आवाज स्पीकरला पोचलाच नव्हता. वर्षअखेरीला तीच ट्रान्सपोर्टवाल्यांना नावानिशी ओळखत होती. मॅडमनी तिला आपल्याकडे कामाला घ्यायचं ठरवलं आणि तिचे वडील आडवे आले. पनवेलच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मॅडम मला घेऊन तिथे गेल्या.

"मॅडम, तालीम द्यायची ती दिली," मुल्लाभाई मशीनवरून न उठता म्हणाले. "पण बंदराचं काम, ट्रकवाल्यांची वर्दळ. आमच्या घरातली कुणी मुलगी अशा ठिकाणी गेलेली नाही. लोक मला विचारतील."

"माझ्या बापाला बी विचारलं," मॅडम म्हणाल्या. "त्यानं सांगितलं, मला काय माहीत, जाऊन बघा. तुमी बी या, भाई. सकाळी या, ती बसंल ती जागा बघा, जाईल-येईल ती गाडी बघा. मग नाय म्हनलात तर मी परत येनार नाय."

मुल्लाभाई खरोखरच गेले. मॅडमनी त्यांना सगळं यार्ड फिरवून दाखवलं. चहा पिताना त्यांनी संकोचत एकच विचारलं, मुलींच्या हातपाय धुण्याची सोय कुठे आहे. मॅडम उठल्या, त्यांना बरोबर घेऊन गेल्या आणि स्वतः दार उघडून, कडी लावून-काढून दाखवली. मुल्लाभाई म्हणाले, "बास. माझी तसल्ली झाली."

शबानाचं शेवटचं सत्र चालू असतानाच आमच्याकडे पहिल्यांदा कॅम्पस मुलाखती ठरल्या. परदेशात माल पाठवण्याची व्यवस्था करणारी एक मोठी कंपनी येणार होती आणि वर्गातली जवळजवळ सगळी मुलं घेणार, असं बोलणं झालं होतं. प्राचार्यांनी दारात रांगोळी काढायला सांगितली. मॅडमना मी हे मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"त्यांच्याकडं नव्या पोरांना सह्या करायला ठेवतात, बाय. कंटेनरात माल किती वजनाचा, ते कागदावर लिवायचं आनि खाली सही. माल बघायला मिळत नाय, काट्यावर चढवत नायत. वजन कमी दाखवलं की पैसा वाचतो. उद्या काय झालं तर सही कुनाची? पोराची."

"मग मुलांना जाऊ नका म्हणून सांगायचं?"

"नाय. जायचं की नाय ते पोरं ठरवतील. पन विचारतील तरी."

मुलाखतीच्या आदल्या शनिवारी त्यांनी वर्गाला तेवढंच सांगितलं: नोकरी काय हे विचारायचा तुम्हालाही हक्क आहे, सहीचं काम असेल तर सहीच्या आधी माल बघायला मिळेल का, असं विचारा. नोकरी यार्डात पक्की असूनही शबाना मुलाखतीला बसली आणि तिने विचारलं. तिच्यानंतर आणखी बऱ्याच मुलांनी विचारलं. दुपारी कंपनीचे अधिकारी बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "तुमच्या मुलांना कुणीतरी पढवून पाठवलंय," ते प्राचार्यांना म्हणाले. मोजक्याच मुलांना घेऊन ते निघून गेले. त्यात प्रसाद होता. त्याने काही विचारलं नव्हतं.

प्राचार्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. पालकांना तोंड त्यांनाच द्यायचं होतं. "मॅडम, मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून आम्ही तुम्हाला बोलावलं," ते म्हणाले. "आणि आलेल्या नोकऱ्या तुम्ही परत पाठवल्यात."

"सर, पोरं नोकरीला लायक करा, असं तुमी बोललात. ते मी करते. नोकरी पोरांना लायक हाय का, ते बी कुनीतरी बघाय नको?"

"ते बघणं आपलं काम नाही."

"मग कुनाचं, सर?" त्यांनी खरंच विचारलं, वाद घालायला नव्हे. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात शनिवारचा तास नव्हता. मॅडमना पदव्युत्तर पदवी नाही, असं कारण फायलीत लिहिलं होतं. मी जाऊन सांगितलं की, उद्योगातल्या माणसांना ती अट नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच उत्तर मिळालं. मॅडमना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शनिवारी मासळी चांगली येते. आता बाजारात जायला मिळंल."

वर्षभराने प्रसादची आई माझ्या घरी आली. उरणच्या रस्त्यावर एका वळणावर ट्रेलर उलटला होता. कंटेनरमध्ये कागदावर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त माल होता. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कागदावर सही प्रसादची होती. कंपनीने त्याला सांगितलं होतं की, वजन मीच करून घेतलं, आकडा लिहिताना चुकलो, असा जबाब दे. वकील आम्ही देऊ, नोकरी राहील. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब होता. आई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. मी नाखवा मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगा जेवला का?"

ती कंपनी त्यांच्या यार्डाचं मोठं गिऱ्हाईक होती. मालकांनी मॅडमना बोलावून सांगितलं की, या प्रकरणात आपलं कुणी दिसता कामा नये. मॅडमनी रजेचा अर्ज दिला. सकाळी त्या आणि मी प्रसादला घेऊन निघालो. मला वाटलं ठाण्यावर जायचं. मॅडमनी रिक्षा इस्पितळाकडे वळवली. "आधी त्याला बघ," त्या प्रसादला म्हणाल्या. "मग काय बोलायचं ते तू ठरव."

ड्रायव्हर उत्तर प्रदेशाकडचा, पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा. पांघरुणाखाली एका बाजूला सपाट होतं. मॅडमनी प्रसादची ओळख कंपनीतला मुलगा अशी करून दिली. तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने प्रसादकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बेटा, काँटा करवाया था?"

वजन केलं होतंस का, एवढंच. प्रसाद पलंगाची दांडी धरून उभा होता. सूत्रसंचालन करणारा तो मुलगा. "नहीं, चाचा," तो म्हणाला. ड्रायव्हरने मान हलवली. "मुझे लग रहा था. घाट में ही लग रहा था, गाड़ी भारी है." आणि त्याने प्रसादला स्टुलावर बसायला सांगितलं.

ठाण्यात प्रसादने आहे ते सांगितलं. वजन केलं नव्हतं, माल बघितला नव्हता, सह्या रोज अशाच व्हायच्या, सांगणारे कोण होते. मॅडम बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून होत्या. मधे त्यांनी सगळ्यांसाठी वडापाव आणवला, हवालदारासाठीसुद्धा. प्रसादची नोकरी गेली, तारखांना खेटे घालावे लागले; पण चौकशी त्याच्यापाशी न थांबता वर गेली, आणि त्या जबाबामुळे ड्रायव्हरला भरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रसाद पुढे एका वजनकाट्यावर कामाला लागला. ती नोकरीही मॅडमनीच बघून दिली होती.

मॅडमना मात्र यार्डातून काढून आतल्या कचेरीत बसवलं. पगार तोच, काम नावाला. "एशीत ठेवलाय मला," त्या हसून सांगायच्या, "बोंबील वास मारू नये म्हनून." पण एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि खाली क्रेन कंटेनर उचलत होती. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. नारिंगी जाकीट खुर्चीच्या पाठीला घातलेलं होतं. त्यांनी मान किंचित वळवून क्रेनबरोबर कंटेनर पार खाली टेकेपर्यंत नजरेने पोचवला, तेव्हाच त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले होते. आम्ही चहा प्यालो.

प्रसादच्या आईकडून सगळी हकिकत प्राचार्यांच्या कानावर गेली होती. एके दिवशी ते मला म्हणाले, "चला, करंजाला जाऊन येऊ." मॅडमच्या ओटीवर जाळी वाळत टाकलेली होती. प्राचार्य प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला विचारलं होतंत की, ते बघणं कुणाचं काम. माझं होतं. शनिवारचा तास पुन्हा घ्या."

मॅडमनी त्यांना सरबत दिलं. म्हणाल्या, "येते. पन जी कंपनी पोरं घ्यायला येईल, तिथं आधी पोरं जाऊन काम बघून येतील. चालंल?"

"काही कंपन्या यायच्याच नाहीत मग."

"नाय यायच्या."

प्राचार्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि हो म्हटलं. काही कंपन्या खरंच आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांनी घेतलेली मुलं मात्र टिकली, आणि पुढे त्याच मुलांनी आमच्याकडची आणखी मुलं बोलावून घेतली.

निवृत्त झाल्यावरही मॅडम काही वर्षं येत राहिल्या. मग एका उन्हाळ्यात त्यांनी मला सांगितलं, आता बास. मला वाटलं तब्येतीचं काही असेल. "तब्येतीला काय धाड भरलीय? पन यार्ड सोडून किती दिवस झाले मला. तुमी उद्योगातलं मानूस बोलावलं होतं. आता मी उद्योगातली नाय, गोष्टी सांगनारी म्हातारी हाय. शबानाला बोलवा."

शबाना तोवर बंदरातल्या एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर होती. तिच्या पहिल्या तासाला मॅडम आल्या आणि माझ्याशेजारी शेवटच्या बाकावर बसल्या. शबानाने फोन लावायला सांगितला नाही. तिने मुलांना विचारलं की, गेल्या आठवड्यात कुणाच्या घरी काय वेळेवर पोचलं नाही. कुणी गॅसचा सिलिंडर म्हणालं, कुणी लग्नाच्या पत्रिका, आणि त्यावरून तिने सगळा तास उभा केला.

"ही माझ्यासारखं शिकवत नाय," मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या.

"मग?"

"बरं झालं."

तास संपत आला तेव्हा शबाना कंटेनरच्या दाराला लावायच्या नव्या इलेक्ट्रॉनिक सीलबद्दल सांगत होती. माझ्याशेजारचा हात वर गेला. सगळा वर्ग मागे वळला.

"ते तुटलं तर कळतं कसं?" मॅडमनी विचारलं.

शबाना क्षणभर गडबडली. "ताई, हे तुम्ही सोडल्यावर आलं."

"म्हनून तर विचारते. नीट सांग, पयल्यापासून."

शबानाने फळा पुसला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मॅडमनी माझ्याकडून पेन मागून घेतलं.